आकाशांतील वीज आणि घरांतील तार

रोहिणी नक्षत्र लागलें कीं आमच्या या उत्तर कोंकणांत सायंकाळचें आकाश पूर्वेच्या डोंगरांकडून काळवंडूं लागतें. मृगाचा पाऊस अजून यावयाचा असतो. परंतु त्याची वर्दी देणारा गडगडाट आधीं येऊन जातो, आणि पुढें हस्त-चित्रा नक्षत्रांत, पाऊस माघारीं फिरतांना, तो पुन्हां एकदां हजेरी लावतो. संस्कृत कोशांत विजेला नांवें थोडींथोडकीं नाहींत. चपला, चंचला, तडित्, सौदामिनी हीं आपल्या परिचयाचीं. पण मला स्वतःला 'क्षणप्रभा' हें नांव सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतें. कारण विजेचा सारा पराक्रम त्या क्षणांत आहे. तिच्या एका झोताचा प्रवाह शून्यापासून शिखरास पोंचावयास सेकंदाचे कांहीं दशलक्षांश भाग पुरतात, आणि शिखरावर तो साधारणपणें ३०,००० अँपिअर असतो. आपल्या माजघरांतील पंख्याला अर्धा अँपिअरहि लागत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ थोडा कळूं लागेल.

पूर्वीं विजेचें भय म्हणजे शेतांतल्या माणसाचें, झाडाखालीं उभ्या राहिलेल्या गुराचें, देवळाच्या कळसाचें. घरांत दार लावून बसलेला गृहस्थ आपणांस सुरक्षित समजे, आणि बव्हंशीं तो असेहि. आतां मात्र घराघरांत एक नवी वाट झाली आहे. खांबावरून, झाडावरून, गच्चीवरून एक बोटाहून बारीक निळी किंवा करडी तार घरांत येते. तिच्या टोकाला राउटर नांवाची डबी लुकलुकत असते. आणि मुलांचे प्रवेश-अर्ज, वडिलांचें निवृत्तिवेतन, परगांवच्या लेकीचें तोंड पाहणें हें सर्व त्या डबीच्या जिवावर चाललेलें असतें. मेघगर्जनेच्या एका संध्याकाळीं ही डबी, तिच्या जोडीचा स्विच आणि संगणकाचें तारेचें तोंड, हीं तिन्ही एकदम मुकीं होतात. विजेच्या मीटराला धक्काहि लागलेला नसतो, घरावर वीज पडलेलीहि नसते. मग हें झालें कसें, आणि याला उपाय काय, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. तारेंतून संदेश धाडण्याची कला या देशांत आली तेव्हांच तो तिच्याबरोबर आला. कलकत्त्यापासून डायमंड हार्बरपर्यंतची पहिली तारायंत्राची ओळ १८५१ सालीं चालू झाली; ती उभारणारे ओशॉनेसी हे व्यवसायानें वैद्य, पण विद्युत्-शास्त्राचे व्यसनी. १८५५ सालीं तारायंत्र सर्वसामान्य जनतेला खुलें झालें. मैलोगणती उघड्यावर टांगलेली तार म्हणजे विजेला आयतें आमंत्रणच होय. म्हणून तारमास्तरांच्या यंत्राअगोदर पितळेच्या दोन दातेरी पट्ट्या समोरासमोर ठेवण्याची युक्ति निघाली. एक पट्टी तारेला जोडलेली, दुसरी जमिनीला. मध्यें केसाएवढी फट. संदेशाच्या दुबळ्या प्रवाहाला ती फट ओलांडतां येत नसे. विजेच्या लोंढ्याला मात्र ती खिजगणतींत नसे, आणि तो यंत्राला वळसा घालून जमिनींत उतरे. मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोनचें मध्यवर्ती केंद्र निघालें, त्यानंतरच्या काळांत या पितळी पट्ट्यांची जागा कोळशाच्या लहान ठोकळ्यांनीं घेतली. आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण त्या दातेरी पट्ट्यांतील मूळ कल्पना आजच्या प्रत्येक संरक्षक मंडलाच्या पोटांत जिवंत आहे.

आतां वेवजीची हकीकत सांगतों. वेवजी हें तलासरी तालुक्यांतील, गुजरातच्या सीमेला अगदीं खेटून असलेलें गांव. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें निराळीं झालीं, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून आम्ही ठाणें सोडून पालघर जिल्ह्यांत आलों. ढगांना या दोन्ही वांटण्यांची वार्ता नाहीं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूस भूकंपाचे धक्के बसूं लागले, तेव्हांपासून या भागांतील माणूस पायाखालच्या भूमीविषयीं पुष्कळ बोलतो. डोक्यावरच्या आकाशाविषयीं तितकें बोलत नाहीं.

येथें माझ्या परिचयाचें एक कुटुंब आहे. दोघे भाऊ. वडिलोपार्जित वाडी, चिकू-आंब्याची. जुनें कौलारू घर थोरल्याकडे, आणि वांटणीनंतर धाकट्यानें सुमारें ऐंशी पावलांवर बांधलेलें स्लॅबचें नवें घर. इंटरनेटची जोडणी धाकट्याकडे आली. म्हातारी आई मात्र जुनें घर सोडावयास तयार नव्हती, आणि तिची नात सातासमुद्रांपलीकडे. रोज रात्रीं पणतूचें मुख पडद्यावर दिसल्याखेरीज तिला झोंप येत नसे. म्हणून धाकट्यानें आपल्या राउटरापासून थोरल्याच्या ओटीपर्यंत, चिकूच्या फांद्यांवरून, तांब्याची साठ मीटर तार ओढून दिली. वांटणीनंतर दोन घरांना जोडणारी तेवढीच एक वस्तु उरली होती, असें मीं म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

एका ज्येष्ठांत जुन्या घरामागच्या ताडावर वीज कोसळली. घराला कांहीं झालें नाहीं. पण दोन्ही घरांतील राउटर, थोरल्याकडचा दूरचित्रवाणी-संच, आणि धाकट्याचा मुलगा ज्यावर मुंबईच्या कचेरीचें काम घरून करी त्या संगणकाचें तारेचें तोंड, इतकीं यंत्रें एका क्षणांत गेलीं. वांचला तो एकच: खाटेवर पडलेला, कोणत्याहि तारेला न जोडलेला लॅपटॉप. नुकसान वीस-पंचवीस हजारांचें; परंतु त्यापेक्षां बोलाचाली महाग पडली.

"दादा, तुमच्या ताडावरची वीज माझ्या घरांत आली," धाकटा म्हणाला.

"तार कोणीं ओढली होती?" थोरल्यानें विचारलें.

मग अर्थिंग कोणाचें वाईट यावरून दोघांत अबोला झाला, आणि आईनें आंतून सांगितलें, "तोडून टाका ती तार. मला कोणाचें तोंड पाहायचें नाहीं."

धाकट्याचा मुलगा पुण्यास इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्यानें दोन्ही घरांचें अर्थिंग मोजून घेतलें. दोन्ही चांगलीं निघालीं. तो माझ्याकडे आला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, दोष काकांच्या अर्थिंगचा नाहीं आणि बाबांच्याहि नाहीं. अर्थिंग दोन आहेत, हाच दोष."

हें वाक्य मला प्रथम कोड्यासारखें वाटलें. त्यानें तें कागदावर उलगडून दाखविलें, तें असें. विजेचा प्रवाह ताडाच्या मुळाशीं जमिनींत शिरतो आणि चोहोंकडे पसरतो. जमीन ही तांब्यासारखी सुवाहक नव्हे. म्हणून ज्या ठिकाणीं प्रवाह शिरला तेथील भूमीचाच दाब चढतो आणि दूर जावें तसतसा तो उतरत जातो. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आणि प्रवाह ३०,००० अँपिअर धरला, तर ताडापासून २० मीटरांवरील जुन्या घराच्या भूमीचा दाब सुमारें २४,००० व्होल्ट येतो. ८० मीटरांवरील नव्या घराचा सुमारें ६,०००. दोहोंतील फरक १८,००० व्होल्ट. जुन्या घरांतील सर्व वस्तु चोवीस हजारांवर, नव्या घरांतील सर्व वस्तु सहा हजारांवर, आणि मध्यें ती बिचारी तार!

झाईच्या किनाऱ्यावर होड्या पाहिलेल्या वाचकांस हें चटकन् पटेल. भरतीची लाट आली म्हणजे होडी वर जाते; होडींतील माणसें, जाळीं, टोपल्या सर्वच एकदम वर जातात, आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्या होडींतून शेजारच्या होडींत एक फळी टाकलेली असेल, आणि एक होडी उचलली जाऊन दुसरी खालींच राहिली, तर फळी मोडते. फळी वाईट होती म्हणून नव्हे, होड्याहि वाईट होत्या म्हणून नव्हे. दोन निरनिराळ्या भूमींना तांब्यानें जोडलें, एवढाच त्यांतला अपराध.

पण वीज इतकी जवळ न पडतांहि यंत्रें जळतात, त्याचें काय? तारेचें आणि विजेच्या वायरिंगचें मिळून घरांत एक मोठें वेटोळें तयार होतें. राउटराला एकीकडून विजेची वायर, दुसरीकडून संदेशाची तार. दोन्ही वेगवेगळ्या भिंतींनीं फिरून आलेल्या. शंभर मीटरांवर वीज पडली आणि तिचा प्रवाह दर दशलक्षांश सेकंदास १०,००० अँपिअर या वेगानें चढला, तर दहा मीटर लांब व पांच मीटर उंच अशा वेटोळ्यांत केवळ चुंबकीय प्रेरणेनें सुमारें १,००० व्होल्ट उत्पन्न होतात. स्पर्श नाहीं, ठिणगी नाहीं, नुसत्या सान्निध्यानें. म्हणून दोन्ही तारा शक्य तों एकाच वाटेनें, शेजारीं शेजारीं आणाव्या, म्हणजे वेटोळें लहान राहतें. हा उपाय फुकटचा आहे, आणि फुकटचा असल्यामुळेंच बहुधा कोणी करीत नाहीं.

आतां त्या तारेकडे जरा बारकाईनें पाहूं. तिच्या आवरणांत आठ वायर असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. संदेश जातो तो जोडींतील दोघींच्या फरकानें. एक वायर जितकी वर तितकी दुसरी खालीं. आणि हा फरक सुमारें एक व्होल्टाचा. बाहेरून आलेला उपद्रव दोघींना सारखाच उचलतो, म्हणून फरकाला धक्का लागत नाहीं. शिवाय तार यंत्रांत शिरते तेथें प्रत्येक जोडीला एक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन वेटोळ्यांत धातूचा संबंध नसतो, मध्यें केवळ निरोधक. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें या खंदकानें १,५०० व्होल्ट एक मिनिटभर, किंवा विजेसारखा २,४०० व्होल्टांचा क्षणिक तडाखा सोसला पाहिजे. म्हणजे यंत्र अगदींच निराधार नाहीं. परंतु वेवजीस आलेले अठरा हजार व्होल्ट या खंदकावरून सहज उडी मारतात, हें उघड आहे.

यास्तव खंदकाबाहेर पहारा बसवावा लागतो. आणि येथूनच संरक्षक मंडल रचण्याची खरी कला सुरू होते. बाजारांत मिळणारे पहारेकरी मुख्यतः दोन जातींचे. एक वायूची नळी: चिनी मातीच्या लहान डबींत विरळ वायु कोंडलेला, दोन टोकांना धातु. तारमास्तरांच्या त्या दातेरी पट्ट्यांचीच ही पणती. ही हजारों अँपिअर निमूटपणें पचविते. पण हिची झोंप गाढ. सावकाश चढणाऱ्या ९० व्होल्टांनीं जागी होणारी नळी विजेच्या वेगानें चढणाऱ्या दाबापुढें मात्र पांच-सहाशें व्होल्ट होईपर्यंत डोळे उघडीत नाहीं. दुसरा पहारेकरी म्हणजे एका विशिष्ट जातीचा डायोड. हा सदा सावध; सेकंदाच्या अब्जांश भागांत जागा होतो व दाब नेमक्या मर्यादेंत रोखतो. पण प्रकृति तोळामासा. हजार अँपिअर आले कीं स्वतःच राख होतो.

आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवावी. बाहेर दिंडी दरवाजावर धिप्पाड पण झोंपाळू देवडीवाला, आंत ओटीवर चपळ पण किरकोळ कारकून. दोघांना एकाच उंबऱ्यावर उभें केलें तर काय होईल? चपळ कारकून आधीं धांवेल, दाब खालींच दाबून धरील, देवडीवाल्याला जाग येण्यासारखा गलबलाच होणार नाहीं, आणि सगळा लोंढा कारकुनाच्या अंगावर पडून तो मरेल. नुसते दोन पहारेकरी विकत घेऊन शेजारीं शेजारीं बसविणाऱ्यांची हीच गत होते. दोघांच्या मध्यें चौक पाहिजे. मंडलांत हें काम लहानसा रोध करितो. समजा, तो पांच ओहमांचा आहे, आणि डायोड दाब २० व्होल्टांवर रोखून धरतो. डायोडामधून प्रवाह वाढूं लागला कीं रोधाच्या अलीकडे दाब चढूं लागतो. ११५ अँपिअरांच्या सुमारास तो सहाशें व्होल्टांस पोंचतो, देवडीवाला जागा होतो, आणि बाकीचा सर्व लोंढा बाहेरच्या बाहेर जमिनींत जातो. डायोडाला ते शंभर-सव्वाशें अँपिअर सोसावे लागतात खरे, पण क्षणाच्याहि अंशापुरते. तेवढें बळ त्याला असतें. या तीन वस्तूंचा हा परस्परमेळ म्हणजे या विद्येंतील मर्म होय. पुष्कळ कुशल रचनाकार डायोडाला ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, यंत्राच्या मेंदूच्या बाजूस बसवितात. तेथें खंदकच चौकाचें काम करितो.

मग सर्वांत जाडजूड डायोड कां घेऊं नये, असा प्रश्न मींहि त्या मुलाला विचारला. त्याचें उत्तर मनोरंजक होतें. प्रत्येक असा पहारेकरी थोडासा विद्युत्-संचय करितो, जणूं उंबऱ्यावर ठेवलेली घागर. आणि जितका तो जाड तितकी घागर मोठी. संदेशाच्या लहरी सेकंदास कोट्यवधि वेळां वरखालीं होतात. हजार पिकोफॅरड संचय असलेला जाड पहारेकरी सेकंदास दहा कोटि आवर्तनांच्या लहरीला केवळ दीड ओहमाएवढा दिसतो, म्हणजे शंभर ओहमांच्या तारेवर तो जणूं शॉर्टच होय. चोर येवो न येवो, घरच्या माणसांचीच ये-जा बंद! विजेच्या मुख्य पेटींत जस्ताच्या भस्मापासून केलेले जे संरक्षक बसवितात, ते उत्तम असूनहि येथें चालत नाहींत, याचें कारण हेंच. म्हणून संदेशाच्या तारेला दोन-चार पिकोफॅरडांचाच डायोड हवा. आणि तसा तो मिळविण्यासाठीं मोठ्या डायोडाच्या वाटेवर अगदीं लहान डायोड चढवितात, म्हणजे तारेला केवळ लहानाचाच संचय दिसतो. वायूच्या नळीचा संचय मुळांतच अत्यल्प असतो, हें तिचें भाग्य.

आणखी एक खोंच आहे. जोडींतील प्रत्येक वायरला स्वतंत्र वायुनळी दिली, तर दोन नळ्या कधींच अगदीं एकाच क्षणीं जाग्या होत नाहींत. एक आधीं पेटते. तिच्या वायरचा दाब धाडकन् खालीं येतो. दुसरीचा अजून वरच. जो उपद्रव दोघींवर सारखा होता म्हणून निरुपद्रवी होता, तोच आतां दोघींमधला फरक बनून सरळ ट्रान्सफॉर्मरमधून आंत जातो. संरक्षकानेंच मारेकऱ्याला दार उघडून दिलें म्हणावयाचें! यावर तोडगा म्हणून तीन टोकांची नळी निघाली. एकाच वायूच्या कोंडींत दोन्ही वायरांचीं टोकें आणि मध्यें भूमीचें. एका बाजूस ठिणगी पडली कीं सारा वायु पेटतो आणि दुसरी बाजू तिच्या पाठोपाठ, जवळजवळ एकदमच वाहूं लागते.

इतकें सर्व नीट केलें आणि शेवटची तार चुकली, तर सर्व व्यर्थ. त्या संरक्षक डबीपासून अर्थिंगपर्यंत जाणारी हिरवी वायर लोक हवी तेवढी लांब, हवी तशी वळवून नेतात. वर उरलेल्या वायरची गुंडाळी करून खिळ्याला टांगतात. साधी सरळ वायरदेखील विजेच्या वेगापुढें अडथळा करिते. एक मीटर वायर म्हणजे साधारण एक मायक्रोहेन्री. १,००० अँपिअर आठ दशलक्षांश सेकंदांत चढले तर दर मीटरला १२५ व्होल्ट उभे राहतात. पांच मीटर वायर नेली कीं सव्वासहाशें व्होल्ट संरक्षकाच्या डोक्यावर बसले, आणि डायोडानें वीस व्होल्टांवर रोखण्याची जी कसरत केली ती पाण्यांत गेली. म्हणून ही वायर आंखूड, जाड आणि सरळ हवी. तालुक्याच्या गांवीं एका संस्थेच्या संगणक-खोलींत मीं पाहिलें कीं संरक्षक खिडकींत, आणि त्याची भूमि थेट इमारतीच्या मागच्या बाजूस, अठरा-वीस मीटरांवर निराळा खड्डा खणून केलेली; विजेच्या मीटराची भूमि त्याहून वेगळी. "स्वच्छ अर्थिंग" म्हणून हा निराळा खड्डा मोठ्या अभिमानानें दाखविण्यांत आला. दोन पावसाळ्यांत तेथील दोन स्विच गेले. एका घरांत भूमि एकच असावी. खड्डा कोळसा-मीठ घालून ओला ठेवावा, रोध कमी करावा, हें सर्व ठीकच. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं विजेची मुख्य पेटी, संदेशाच्या तारेचा संरक्षक आणि गच्चीवरील लोखंड हीं सर्व एकाच पट्टीला बांधलेलीं असावीं, म्हणजे होडी उचलली तर सर्वच एकदम उचललीं जातील. वीज-निवारणाविषयीं भारतीय मानक संस्थेनें स्वीकारलेल्या ६२३०५ क्रमांकाच्या मानकाचा भरहि या समदाबावरच आहे.

वेवजीस अखेर काय केलें तें सांगतों. दोन घरांमधली तांब्याची तार काढून टाकली, आणि तिच्या जागीं कांचेचा तंतु घातला. कांचेंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. एका होडींतून दुसऱ्या होडींत फळी न टाकतां दिव्यानें खूण करावी, तसा हा प्रकार. दोन्ही टोकांस प्रकाशाचा तारेशीं मेळ घालणाऱ्या लहान डब्या लागतात. सगळा खर्च मिळून जळालेल्या एका संगणकाच्या किंमतीपेक्षां पुष्कळच कमी झाला. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली, पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. खाजगी जोडणीवालेहि आतां कांचेचा तंतु घरापर्यंत आणूं लागले आहेत. परंतु घरापासून घरापर्यंत, माळ्यापासून तळघरापर्यंत तांबें अजून पुष्कळ आहे. आणि एक सावधगिरी येथें सांगितलीच पाहिजे: खांबावरून येणाऱ्या तंतूला ताण सोसण्यासाठीं बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती तशीच घरांत आणली तर कांच घेऊनहि लोखंडाची फळी टाकल्यासारखेंच झालें. ती घराबाहेरच सोडवून खुंटीला बांधावी, केवळ तंतु आंत न्यावा. किंवा सर्वस्वीं अधातु तंतूच मागून घ्यावा.

तांबें राहिलें तें एका ठिकाणीं. वाडीच्या फाटकावर चोरांच्या भयानें कॅमेरा बसविलेला, घरापासून सत्तर मीटर. त्याला वीजहि त्याच तारेनें, अठ्ठेचाळीस व्होल्टांच्या सुमारास, जाते. म्हणून येथें नेहमींचा संरक्षक चालत नाहीं. नियमाप्रमाणें हा दाब सत्तावन्न व्होल्टांपर्यंत असूं शकतो, आणि त्याच्या आंत जागा होणारा डायोड कॅमेऱ्याचा पुरवठाच गिळून टाकील. दुकानदाराला 'तारेनेंच वीज जाणाऱ्या कॅमेऱ्यासाठीं' असें स्पष्ट सांगून, आठहि वायरांना संरक्षण असलेली, वर आयईसी ६१६४३-२१ हा मानक-क्रमांक छापलेली डबी मागावी. स्वस्त डब्यांत पुष्कळदां चारच वायर राखलेल्या असतात. झांकण उघडून पाहण्यास लाजूं नये. वेवजीस अशा दोन डब्या लावल्या: एक फाटकाच्या खांबावर, कॅमेऱ्याशेजारीं, खांबाच्याच भूमीला जोडलेली, दुसरी तार घरांत शिरते तेथें, मुख्य पेटीच्या पट्टीपासून वीतभर अंतरावर. एकाच टोकास डबी लावणें म्हणजे एकाच बाजूचें दार लावणें होय. मुख्य विजेच्या पेटींतहि निराळा संरक्षक बसविला; कारण संदेशाची वाट अडवून विजेची वाट मोकळी ठेवली तर लोंढा तिकडून येतो.

हें सर्व असूनहि ताडासारखी वीज प्रत्यक्ष तारेवरच पडली, तर कोणतीहि डबी पुरी पडेल असें समजूं नये. म्हणून ढग जमले कीं राउटराचीं दोन्ही बोंडें, विजेचें आणि तारेचें, काढून ठेवण्याची संवय घरांत असावी. मात्र ती आधीं काढावीं. गडगडाट डोक्यावर आल्यावर तारेला हात लावूं नये. वीज चमकल्यापासून गर्जना ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजावे व तिनांनीं भागावें, म्हणजे कोस नव्हे पण किलोमीटर कळतात. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. तेव्हां हात आंखडता घ्यावा, आणि वाडींत कोणी असेल त्याला घरांत बोलवावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' हें भ्रमणध्वनीवरील साधन जवळपासच्या विजांची सूचना देतें. आमच्या गांवांतल्या तरुण शेतकऱ्यांजवळ तें असावें असें मला फार वाटतें, कारण यंत्राची भरपाई होते.

गेल्या आश्विनांत, हस्ताच्या पावसांत, फाटकावरचा कॅमेरा एकाएकीं बंद पडला. थोरल्यांनीं मला बोलावून घेतलें. वायरमननें खांबावरची डबी उघडली. आंतल्या एका वायुनळीची चिनी माती तडकली होती, एक डायोड काळा पडला होता. डबी बदलली, कॅमेरा चालूं लागला. आंतल्या राउटराला कांहींच झालें नव्हतें.

"गुरुजी, ही मेली म्हणून तो वांचला," वायरमन म्हणाला आणि जुनी डबी कचऱ्यांत टाकणार तों म्हातारी ओटीवरून म्हणाली, "टाकूं नकोस रे, इकडे आण." तिनें ती डबी हातांत घेऊन उलटसुलट पाहिली, आणि धाकट्याला हांक मारून विचारलें कीं अशा आणखी दोन घरांत आणून ठेवल्या आहेत कीं नाहीं. वायरमननें नव्या डबीच्या झांकणावर पेन्सिलीनें तारीख घातली, आणि रात्रीं नेहमींच्या वेळीं पडदा लागला.